विश्लेषण : कॉलेजमध्ये सुपरस्टार, एनबीएमध्ये राखीव खेळाडू… जिमर फ्रेडेटच्या निवृत्तीने चाहते इतके हळवे का झाले?

एनबीएमधील सरासरी सामन्याला जेमतेम ६ गुण. एकदाही ऑल-स्टार नाही, एकही विजेतेपद नाही. असा खेळाडू निवृत्त झाला तर एरवी क्रीडा पानावर चार ओळींची बातमी होते. पण २३ एप्रिल २०२५ रोजी ३६ वर्षांच्या जिमर फ्रेडेटने समाजमाध्यमांवरून निवृत्ती जाहीर केली, तेव्हा अमेरिकेत हजारो चाहत्यांनी जुन्या व्हिडिओंचा खजिना बाहेर काढला. त्यातले बहुतेक व्हिडिओ एनबीएचे नव्हतेच. ते होते २०११ मधले, त्याच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचे.

त्याच वेळी एक जुना वादही पुन्हा सुरू झाला. फ्रेडेटची कारकीर्द फसली की गाजली? कॉलेजमध्ये देशातला सर्वोत्तम ठरलेला मुलगा व्यावसायिक खेळात का चालला नाही? आणि न चालताही तो लोकांच्या मनातून का गेला नाही?

जिमर फ्रेडेट कोण?

न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन्स फॉल्स या छोट्या गावातला हा मुलगा. पूर्ण नाव जेम्स टॅफ्ट फ्रेडेट. उंची ६ फूट २ इंच, म्हणजे बास्केटबॉलच्या हिशेबात बेताचीच. उडी फार उंच नाही, वेगही थक्क करणारा नाही. पण चेंडू हातातून सुटला की बहुतेक वेळा जाळीतच.

शाळेत असतानाच, २००७ मध्ये, मोठा भाऊ टीजेने त्याच्यासाठी एका कागदावर चक्क करार लिहिला. एनबीएमध्ये पोहोचण्यासाठी लागेल ती मेहनत मी करीन, असा त्याचा आशय. जिमरने त्यावर सही केली. तुरुंगातल्या कैद्यांच्या संघाविरुद्ध जाऊन तो सामने खेळला. भोवतीच्या आरडाओरड्यात डोके शांत ठेवण्याचा तो सराव होता.

मोठ्या नावाच्या विद्यापीठांनी त्याच्यासाठी रांग लावली नाही. तो गेला युटा राज्यातल्या प्रोव्हो शहरातल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत, म्हणजे बीवाययूमध्ये. ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचे हे विद्यापीठ, आणि फ्रेडेटही त्याच पंथाचा. विद्यापीठाचे आचारनियम कडक. त्याच्या शेवटच्या वर्षी ऐन मार्चमध्ये संघातल्या एका महत्त्वाच्या खेळाडूला याच नियमांमुळे संघाबाहेर बसावे लागले होते.

२०११ मध्ये असे काय घडले?

अंतिम वर्षाच्या मोसमात फ्रेडेटने सामन्यामागे सरासरी २८.९ गुण केले. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत त्या वर्षी कोणाचीच सरासरी इतकी नव्हती. आकडा नीट समजून घ्यायचा तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८ मिनिटांचा. त्या काळी कॉलेजच्या संघाला एका आक्रमणासाठी ३५ सेकंद मिळत, एनबीएमध्ये २४. म्हणजे वेळ कमी, आक्रमणेही कमी. तरी जवळपास २९ गुण.

२६ जानेवारी २०११ रोजी सॅन डिएगो स्टेटचा अपराजित संघ प्रोव्होत आला. बीवाययूने तो सामना ७१-५८ असा जिंकला. त्या ७१ पैकी ४३ गुण एकट्या फ्रेडेटचे. एनबीएचा मोठा तारा केविन ड्युरंटने त्या रात्री ट्वीट करून त्याचे तोंडभरून कौतुक केले. मार्चमध्ये न्यू मेक्सिकोविरुद्ध त्याने ५२ गुण ठोकले. वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचे प्रमुख पुरस्कार त्याच्याच नावावर गेले.

या लाटेला नाव पडले ‘जिमरमॅनिया’. त्याच्या नावाचे क्रियापदच झाले. एखाद्या संघाची त्याने धुलाई केली की तो संघ ‘जिमर’ झाला, असे लोक म्हणू लागले. मैदानाच्या मधल्या रेषेच्या आसपासून, बचावपटू अंगावर असताना तो बिनधास्त नेम धरायचा. आज स्टीफन करीमुळे असे फटके रोजचे झाले आहेत. तेव्हा ते वेडेपणाचे वाटत.

शेवट मात्र गोड झाला नाही. राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या १६ संघांत पोहोचल्यावर बीवाययूचा फ्लोरिडाने जादा वेळेत ८३-७४ असा पराभव केला. फ्रेडेटने ३२ गुण केले, पण ते पुरले नाहीत. कॉलेजची चार वर्षे संपली तेव्हा त्याच्या नावावर २,५९९ गुण होते.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळाचे इतके वेड का?

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेचा अंतिम सामना कधी झाला, हे त्या कॉलेजातल्या मुलांनाही अनेकदा ठाऊक नसते. अमेरिकेत चित्र उलटे आहे. बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे एनसीएएच्या ‘डिव्हिजन वन’मध्ये, साडेतीनशेहून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत. त्यातले बरेचसे अशा गावांत, जिथे व्यावसायिक संघ नाहीच. गावाचा संघ म्हणजे विद्यापीठाचा संघ.

दरवर्षी मार्चमध्ये ६८ संघांची बाद फेरीची स्पर्धा होते. तिला ‘मार्च मॅडनेस’ म्हणतात. एक सामना हरला की संपले, दुसरी संधी नाही. त्यामुळे कधीही न ऐकलेल्या कॉलेजचा मुलगा एका रात्रीत देशाला माहीत होतो. एनबीएच्या बाद फेरीत सात सामन्यांची मालिका असते, तिथे बहुधा सरस संघच पुढे जातो. मार्चमध्ये मात्र अंगात आलेला एक मुलगाही पुरतो.

आणखी एक कारण म्हणजे कॉलेजचा खेळाडू चाहत्यांच्याच कट्ट्यावरचा असतो. तो त्याच वर्गांत बसतो, त्याच मेसमध्ये जेवतो. चाहत्यांची ती चार वर्षे आणि खेळाडूची ती चार वर्षे एकच असतात. म्हणून पंधरा वर्षांनी तो निवृत्त होतो तेव्हा लोकांना नुसता खेळाडू आठवत नाही. स्वतःचे होस्टेल, मित्र आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाहिलेला सामनाही आठवतो.

मग एनबीएमध्ये काय बिनसले?

आधी साधे गणित पाहू. साडेतीनशे संघ, प्रत्येकात डझनभर खेळाडू. म्हणजे चार हजारांहून अधिक मुले. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये जागा साधारण ६०, आणि त्यातही परदेशी खेळाडूंचा वाटा. त्यामुळे कॉलेजमधून तिथे पोहोचणे हेच मोठे यश. फ्रेडेट २०११ च्या ड्राफ्टमध्ये दहावा निवडला गेला. निवड मिलवॉकीने केली आणि अदलाबदलीत तो सॅक्रामेंटो किंग्जकडे गेला.

तिथे तीन मोसमांत त्याने तीन प्रशिक्षक पाहिले. प्रत्येकाची पद्धत वेगळी. चेंडू सतत हातात ठेवून खेळणाऱ्या या मुलाला आता कोपऱ्यात उभे राहून पासची वाट पाहायची होती. बचावात तो कमी पडायचा, आणि एनबीएत प्रतिस्पर्धी संघ नेमकी अशीच कच्ची कडी हेरून तिच्यावर हल्ला चढवतात. २०१४ मध्ये किंग्जने करार मोडीत काढून त्याला मोकळे केले. पुढे शिकागो, न्यू ऑर्लिन्स, न्यूयॉर्क असा प्रवास झाला, पण कुठेच पाय रोवता आले नाहीत.

मराठी वाचकांसाठी या कथेत एक धागा मुंबईचा आहे. २०१३ मध्ये किंग्ज संघ विकत घेणाऱ्या गटाचे प्रमुख होते मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे. फ्रेडेटला निरोप मिळाला तो त्यांच्याच मालकीच्या पहिल्या मोसमात. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, तेव्हा इंडियाना पेसर्ससमोर हाच किंग्ज संघ उभा होता. तोवर फ्रेडेट तिथून जाऊन साडेपाच वर्षे उलटली होती.

तो दहा वर्षे आधी जन्मला का?

चाहत्यांचा हा आवडता युक्तिवाद आहे, आणि तो अगदीच हवेतला नाही. २०११-१२ च्या मोसमात एनबीएचा संघ सामन्यामागे सुमारे १८ वेळा तीन गुणांचा प्रयत्न करायचा. २०२४-२५ मध्ये हा आकडा ३७ च्या पुढे गेला, म्हणजे दुपटीहून जास्त. एनबीएमध्ये फ्रेडेटची तीन गुणांच्या फटक्यांची अचूकता सुमारे ३७ टक्के होती. आजच्या खेळात अशा नेमबाजाला जागा सापडली असती, असे मानणारे बरेच आहेत.

पण दुसरी बाजूही ऐकायला हवी. त्याच ड्राफ्टमध्ये फ्रेडेटच्या लगेच मागे, अकरावा निवडला गेला क्ले थॉम्पसन. तोही नेमबाजच, त्याच काळातला. फरक इतका की थॉम्पसन उंच होता, बचाव करायचा आणि चेंडू हातात नसतानाही धोकादायक असायचा. गोल्डन स्टेटसोबत त्याने चार विजेतेपदे जिंकली. पंधरावा निवडला गेला कवाय लेनर्ड. ज्या सॅन डिएगो स्टेटविरुद्ध फ्रेडेटने ४३ गुण केले, त्याच संघात लेनर्ड होता. पुढे दोन वेळा एनबीए अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो लेनर्ड. त्या रात्री प्रोव्होतल्या प्रेक्षकांना कोणी हे भविष्य सांगितले असते, तर लोक हसले असते.

म्हणजे काळ चुकला हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे की कॉलेज आणि एनबीए यांचे प्रश्नपत्रिकेचे स्वरूपच वेगळे आहे. कॉलेजमध्ये प्रश्न असतो, ‘तू किती करू शकतोस?’ एनबीएमध्ये तो होतो, ‘तुझ्याशिवाय जे चाललेय, त्यात तू काय भर घालतोस?’

हे उत्तर कोणाला सापडले?

जे. जे. रेडिकला. ड्यूक विद्यापीठात त्याने २,७६९ गुण केले. विरोधी संघांचे चाहते त्याचा कमालीचा राग करायचे. एनबीएत गेल्यावर त्याच्याविषयीही हेच बोलले गेले : वेग कमी, बचाव कच्चा, कॉलेजपुरताच हिरो. ओरलँडोकडून पहिल्या दोन मोसमांत त्याला फारशी संधी मिळाली नाही. पण त्याने नायकपद सोडले आणि सतत धावत राहून मोकळी जागा शोधणारा नेमबाज म्हणून स्वतःला घडवले. १५ मोसम खेळून तो २०२१ मध्ये निवृत्त झाला आणि २०२४ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला.

फ्रेडेटच्या आधी एका क्रमांकाने निवडला गेलेला केम्बा वॉकर हे आणखी एक उदाहरण. २०११ च्या मार्चमध्ये त्याच्या कनेक्टिकट संघाने सलग ११ बाद सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. एनबीएत तो चार वेळा ऑल-स्टार झाला, पण गुडघ्याने दगा दिला आणि २०२४ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. तेव्हाही चाहत्यांनी सर्वाधिक फिरवली ती कॉलेजमधल्याच त्या मार्चची दृश्ये.

कार्मेलो अँथनीने सिराक्यूज विद्यापीठात एकच वर्ष काढले आणि त्या वर्षी, २००३ मध्ये, विजेतेपद मिळवून दिले. एनबीएमध्ये त्याने २८,२८९ गुण केले, पण विजेतेपद नाही. २०२३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा सिराक्यूजच्या चाहत्यांना मात्र काहीच राहून गेल्यासारखे वाटले नाही. त्यांच्या हिशेबात तो विजेताच होता.

महिलांच्या खेळात हा तुटलेपणा कमी दिसतो. डायना टॉरासीने कनेक्टिकटकडून सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली, मग २० मोसम फिनिक्सकडून खेळून डब्ल्यूएनबीएमध्ये १०,६४६ गुणांचा विक्रम केला आणि सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती थांबली. तिच्या कॉलेजच्या आणि व्यावसायिक चाहत्यांना दोन वेगवेगळ्या व्यक्ती आठवाव्या लागत नाहीत.

एनबीएनंतर फ्रेडेटचे काय झाले?

तो चीनला गेला. २०१६ मध्ये शांघाय शार्क्सकडून खेळू लागला. याओ मिंगचा हा मूळ संघ. तिथे जिमरमॅनिया पुन्हा जिवंत झाला. पहिल्याच मोसमात सामन्यामागे ३७ हून अधिक गुण. २०१८ मध्ये एका सामन्यात त्याने तब्बल ७५ गुण केले आणि तरी संघ एका गुणाने हरला. चिनी चाहत्यांनी त्याला दिलेल्या टोपणनावाचा अर्थ साधारण ‘एकाकी महारथी’ असा होतो. त्याच्या कारकिर्दीचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण.

मार्च २०१९ मध्ये एनबीएने एकदा शेवटचे दार किलकिले केले. फिनिक्स सन्सने त्याला करारबद्ध केले आणि योगायोग असा, की त्यांच्याकडून त्याचा पहिला सामना होता सॉल्ट लेक सिटीत, युटा जॅझविरुद्ध. बीवाययूपासून तासाभराच्या अंतरावर. त्या रात्री सन्सच्या डेव्हिन बुकरने ५९ गुण केले. पण जॅझचे प्रेक्षक, म्हणजे विरोधी संघाचे प्रेक्षक, ‘आम्हाला जिमर हवा’ म्हणून ओरडत होते. तो मैदानात उतरला तेव्हा लोक उभे राहिले. सामना सन्सने ९२-१२५ असा गमावला. मोजके सामने खेळून फ्रेडेटचा एनबीएतला प्रवास संपला.

मग ग्रीस, पुन्हा चीन आणि शेवटी ‘३x३’ बास्केटबॉल. अर्ध्या मैदानावर तीन विरुद्ध तीन, दहा मिनिटे किंवा आधी २१ गुण करणारा संघ विजयी, आक्रमणाला फक्त १२ सेकंद. या खेळात अमेरिकेचा पुरुष संघ टोकियो ऑलिंपिकसाठी पात्रही ठरला नव्हता. फ्रेडेट आल्यावर २०२३ मध्ये विश्वचषकात रौप्य आणि पॅन अमेरिकन स्पर्धेत सुवर्ण मिळाले. पॅरिस २०२४ च्या पदकाची आशा निर्माण झाली.

पॅरिसमध्ये दुसऱ्याच सामन्यात, पोलंडविरुद्ध, त्याच्या पायाला दुखापत झाली. या प्रकारात संघात चारच खेळाडू असतात, बदली खेळाडू एकच. उरलेल्या तिघांना पुढचे सामने विश्रांतीशिवाय खेळावे लागले. सातपैकी दोन सामने जिंकून अमेरिका बाहेर पडली. पूर्ण गणवेशातला फ्रेडेट बाजूला बसून हे पाहत होता. नऊ महिन्यांनी त्याने निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर अमेरिकेच्या बास्केटबॉल महासंघाने पुरुषांच्या ३x३ संघाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी त्याच्याकडेच सोपवली.

आज तो कॉलेजमध्ये असता तर?

तर बहुधा तो श्रीमंत असता. २०११ मध्ये नियम असा होता, की कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे आपल्या नावावर कमाई करता येत नव्हती. सभागृह त्याच्यामुळे भरायचे, वाहिन्यांना प्रेक्षक मिळायचे, पण जाहिरात केली तर तो अपात्र ठरला असता. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव, छायाचित्र आणि लोकप्रियता यांवर पैसे मिळवता येऊ लागले. जुलै २०२५ पासून तर विद्यापीठे खेळाडूंना थेट उत्पन्नातला वाटा देऊ शकतात.

याचा दुसरा परिणाम चाहत्यांना बोचतो. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणे आता सोपे झाले आहे, आणि अव्वल मुले २००६ पासूनच्या नियमानुसार एकाच वर्षात एनबीएकडे निघतात. एकाच गणवेशात चार वर्षे वाढताना पाहिलेला खेळाडू दुर्मीळ होत चालला आहे. पैसे मिळायलाच हवेत, हे आता बहुतेकांना पटते. घाम गाळणाऱ्याच्या हाती काहीच नाही, ही व्यवस्था अन्यायाचीच होती. पण फ्रेडेटच्या निवृत्तीवर हळहळणाऱ्यांना त्या जुन्या, लांब चालणाऱ्या नात्याचीही आठवण येत होती.

मग कारकीर्द फसली की गाजली?

क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. प्रथम श्रेणी पदार्पणातच २६० धावा आणि एकूण ११ हजारांहून अधिक धावा करूनही अमोल मुजुमदार भारताकडून खेळला नाही. म्हणून मुंबईच्या मैदानांवर कोणी त्याला अपयशी म्हणत नाही. ‘मिळायला हवे होते’ असेच म्हणतात.

फ्रेडेटचे प्रकरण थोडे वेगळे आहे. त्याला संधी मिळाली, ती साधली नाही, आणि तो हे नाकारत बसला नाही. भावासोबत केलेल्या करारात एनबीएमध्ये ‘पोहोचायचे’ असे लिहिले होते. तो पोहोचला. तिथे जे जमले नाही ते शांघायमध्ये केले, तेही संपले तेव्हा ३४ व्या वर्षी तीन जणांच्या खेळात नव्याने उभा राहिला.

एनबीएच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे ६ गुणांची सरासरी कायम राहील, ती खोडता येणार नाही. पण प्रोव्होत २०११ मध्ये विशीत असलेली मुले आज पस्तिशीत आहेत. त्यातली अनेक आता आपल्या मुलांना बास्केटबॉल दाखवत असतील. मुलाने खूपच लांबून नेम धरला की त्यांच्या तोंडून कोणाचे नाव निघते, हे ओळखायला कोणत्याही आकडेवारीची गरज नाही.